लिफ्टसमोरचा इतिहास

"मोठ्यानं वाचता येतं का?" बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

कोथरूडमध्ये खोली शोधत मी तोवर बरीच घरं पालथी घातली होती. बाकी ठिकाणी आडनावापासून सुरुवात व्हायची, मग गाव, मग अंडं खाता का, मग रात्री किती वाजता येता. बाईंनी दार उघडलं, माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी पाहत मला आत बोलावलं आणि हातात एक जाडजूड पुस्तक ठेवलं.

"कुठूनही उघड. दोन पानं वाच."

मी वाचलं. कुठल्याशा लढाईचं वर्णन होतं. घोडे, तोफा, धुरळा. वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "आवाज बरा आहे. पूर्णविरामाला थांबत नाहीस, ते शिकवीन. खोली तुझी. आणि हे पुस्तक वाचनालयात परत द्यायचंय, वाटेत देशील?"

"तुमचं वाचून झालं?"

"दोन पानांत एवढी माणसं मेली, आणि त्यांना सकाळी भाकरी कुणी करून घातली ते नाही. दे परत."

अशी मी त्यांच्याकडे राहायला आले आणि हडपसरच्या ऑफिसजवळ स्वतःचं घर घेईपर्यंत, म्हणजे चांगली काही वर्षं, राहिले.

बाई खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्या होत्या. सगळी नोकरी तपासणी विभागात. तयार मालाच्या पेट्या यायच्या, त्यातले काही नमुने कुठूनही उचलायचे, एकात जरी खोट निघाली तरी सगळी पेटी परत. या कामानं आपल्याला दोन गोष्टी दिल्या, असं त्या म्हणत. पेन्शन आणि संशय. पेन्शनीवर घर चालायचं आणि संशयावर इतिहासाचं वाचन. पुस्तक त्यांनी कधी पहिल्या पानापासून सुरू केलं नाही. मधूनच चार-पाच ठिकाणी मला उघडायला लावायच्या आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारायच्या, "यात पाणी कोण भरतंय?" तहाची बोलणी असोत की लग्नाचा थाट, पाणी भरणारा, अंगण झाडणारी, पालखी खांद्यावर घेतलेला असं कुणी सापडलं की पुस्तक पास. मग ते तळटिपांसकट शेवटपर्यंत वाचायचं. नाही सापडलं तर नापास. लेखक कितीही मोठा असो.

त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. समोरचं, नेमकं मधलं, पुसल्यासारखं दिसायचं. कडेकडेचं मात्र दिसायचं. म्हणून त्या बोलताना माणसाच्या कानाकडे पाहत. हे आता बरं होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी सोबत होते. रिक्षात बसल्यावर त्याच म्हणाल्या, "तसं फार काही बिघडलं नाही. मधे सिंहासनावर बसलेला दिसणार नाही. कडेला चवऱ्या घेऊन उभे असलेले दिसतील. मला तेच बघायचे होते." मग घर येईपर्यंत त्या रस्त्याच्या कडेला पाहत राहिल्या.

पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हणाले होते. "मी कुणाच्या काकाची बायको नाही," त्या म्हणाल्या. मावशी म्हणून पाहिलं. "तुझ्या आईला विचार, तिला बहिणी किती." मॅडम हा शब्द कारखान्याच्या फाटकाबाहेर येत नसे. "बाई म्हण," त्यांनी शेवटी ठरवून टाकलं. "शाळेत शिकवणारीला म्हणतात, फडावर नाचणारीला म्हणतात, भांडी घासायला येणारीला म्हणतात. इतक्या जणींना पुरतो तो शब्द माझ्या एकटीला पुरेल."

संध्याकाळी बसच्या धक्क्यांनी खिळखिळी होऊन मी घरी पोचायचे. बाई चहा द्यायच्या आणि कप खाली ठेवायच्या आत पुस्तक पुढे सरकवायच्या. पण सलग वाचू देतील तर त्या बाई कसल्या. एकदा जुन्या काळच्या पंगतींवरचा मजकूर चालला होता. कोण वर बसायचं, कोण खाली, कुणाचं पान वेगळ्या खोलीत. बाईंनी हात वर करून थांबवलं.

"तुमच्या ऑफिसात जेवायला कोण कुणाजवळ बसतं?"

"कुणीही कुठेही बसतं. कॅन्टीन आहे."

"विचार करून सांग."

मी विचार केला. कंपनीच्या माणसांच्या गळ्यात निळी पट्टी असायची, कंत्राटी माणसांच्या गळ्यात पिवळी. असा नियम कुणी केला नव्हता, पण खिडकीजवळची टेबलं निळ्या पट्ट्यांची होती आणि पिवळ्या पट्ट्या हात धुण्याच्या बेसिनजवळ बसत. मी ते सांगितलं.

"सोवळ्याची पंगत," बाई म्हणाल्या. "फक्त खांद्यावरचं जानवं गळ्यात आलं. हं, पुढे वाच."

दुसऱ्या दिवशी मला कॅन्टीनमध्ये डबा घेऊन कुठे बसावं ते कळेना. मी बेसिनजवळ जाऊन बसले. तिथल्या मुलींना आधी वाटलं काही काम आहे, म्हणून त्यांनी लॅपटॉप उघडले.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पहाटे कुणी ना कुणी इतिहास पाठवायचं. आपले पूर्वज किती थोर होते, आणि हे तुम्हाला शाळेत मुद्दाम का शिकवलं नाही. बाई मला ते वाचायला लावायच्या आणि पाठवणाऱ्याला फोन करायच्या.

"नमस्कार. सकाळचं वाचलं. कुठल्या पुस्तकात आहे?"

"अहो बाई, फॉरवर्ड आहे ते."

"म्हणजे वाटेत सापडलं. वाटेत सापडलेलं आपण तोंडात घालता का?"

काही महिन्यांनी बाईंना वगळून दुसरा ग्रुप निघाला. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्या दोन दिवस खुशीत होत्या. "मला वाळीत टाकलं," भेटेल त्याला सांगायच्या. "एवढी जुनी पद्धत, मोबाइलवरसुद्धा चालते."

पुढे जे झालं ते सांगायचं तर चेअरमनबद्दल आधी सांगायला हवं. सोसायटीचे चेअरमन हे बाईंचे खूप जुने शेजारी. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, उत्साही, निर्मळ हसणारे. इतिहासावर त्यांचंही प्रेम. महाराष्ट्रातले बहुतेक किल्ले ते चढून आले होते आणि प्रत्येक किल्ल्यावरची माती एकेका बाटलीत भरून दिवाणखान्यात मांडली होती. एका वर्षी सोसायटीच्या वर्धापनदिनाला त्यांनी ऐतिहासिक वेशभूषेचा कार्यक्रम ठरवला. मोठ्यांसाठीसुद्धा. स्वतः अंगरखा घालून, कमरेला तलवार लावून क्लबहाउसच्या दारात उभे राहिले. एकामागून एक सरदार आणि राण्या आत शिरत होत्या. नथी, शेले, फेटे. बाई सगळ्यांत शेवटी आल्या. विटकी नऊवारी, पदर खोचलेला, कमरेवर तांब्याची घागर. घागरीत खरंच पाणी होतं.

"हे काय, बाई?" चेअरमननी विचारलं.

"राणीसाहेबांकडे पाणी भरते. आज इतक्या राण्या एकदम आल्यात, खेपा पुरेनात. म्हणून उशीर झाला."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. एका हातानं माझा दंड धरून त्या प्रत्येक राणीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि पेला भरून पुढे केला. तिसऱ्या-चौथ्या राणीपर्यंत हसू विरून गेलं. पेला घ्यायचा की नाही ते कुणाला समजेना.

"बाई, इतिहास स्फूर्ती घेण्यासाठी असतो," चेअरमन नंतर म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता.

"स्फूर्तीला चहा पुरतो," बाई म्हणाल्या. "इतिहास तपासणीसाठी असतो. आपली तपासणी. त्यांची तर झाली."

आमची इमारत नवी होती, अकरा मजली. तिच्या जागी पूर्वी चार मजल्यांची इमारत होती आणि लिफ्ट नव्हती. बाईंच्या आईला छातीत कळ आली तेव्हा याच चेअरमननी, तेव्हा ते तरुण होते, म्हातारीला पाठीवर घेऊन जिन्यानं खाली नेलं होतं. बाई हे कधी विसरल्या नाहीत. त्याच जिन्यानं दूधवाला चढायचा, पोस्टमन चढायचा, बाईंकडे भांडी घासायला येणाऱ्या रेखाताई चढायच्या. रेखाताई मागच्या वस्तीत राहत. नवी इमारत झाली तरी त्यांचं काम सुटलं नाही, फक्त बाई दुसऱ्या मजल्यावरून नवव्या मजल्यावर गेल्या आणि तोवर रेखाताईंचे गुडघे दुखू लागले होते.

नव्या इमारतीत लिफ्ट दोन. एक आरशांची, एक मोठी, पत्र्याची, सामान आणि कचऱ्याचे डबे नेण्यासाठी. एके दिवशी आरशांच्या लिफ्टशेजारी कागद चिकटला. 'घरकामाच्या बाया, ड्रायव्हर व डिलिव्हरीवाले यांनी फक्त लिफ्ट क्र. २ वापरावी. हुकमावरून.' मी तो पाहिला होता. रोज पाहत होते. असे कागद मी इतर इमारतींतही पाहिले होते, त्यामुळे डोळ्यांत काही खुपलं नाही.

मग एका सकाळी लिफ्ट नंबर दोनमध्ये कुणाचा तरी सोफा अडकला. पहिली लिफ्ट भरून येत होती, मला बसची घाई, म्हणून मी जिन्यानं उतरले. सातव्या मजल्यावर रेखाताई पायरीवर बसल्या होत्या. पदरानं मान पुसत होत्या.

"काय झालं, रेखाताई?"

"काय नाय. बसलेय."

"लिफ्ट चालू आहे की."

"ती न्हवं," त्या म्हणाल्या. "वॉचमन नको म्हनला. त्याची तरी काय चूक, त्याला सांगितलंय तसं तो करतो."

मी त्यांना वर घेऊन गेले, आणि त्या दिवशी बस चुकली ती चुकलीच. बाईंनी सगळं ऐकलं. रेखाताई म्हणत होत्या, "सोडा ओ बाई, कुठं कुठं भांडायचं." बाईंनी चपला घातल्या. खाली लॉबीत जाऊन मला कागद वाचायला लावला. दोनदा.

"हुकमावरून," त्या म्हणाल्या. "कुणाच्या? खाली नाव नाही, तारीख नाही, शिक्का नाही. खोटा कागद दिसतो."

वॉचमननं चेअरमनना फोन केला असावा, कारण ते लगेच खाली आले. "बाई, सभेत ठरलंय. लहान मुलं असतात, गर्दी होते. कुणाचा अपमान करायचा हेतू नाही."

"घरकामाच्या बाया असं लिहिलंय. या इमारतीत सगळे मला बाई म्हणतात. आणि घरकाम मी रोज करते. म्हणजे हा कागद माझ्यासाठीही आहे."

"असं कसं बोलता? तुम्ही रहिवासी आहात."

"कागदात तसं म्हटलेलं नाही. मी कागद आहे तसा वाचते."

त्या दिवसापासून बाई आरशांच्या लिफ्टमध्ये चढल्या नाहीत. लिफ्ट नंबर दोनमधून, कचऱ्याच्या डब्यांना टेकून, वरखाली करायच्या. ती बंद असली की जिना. एवढं वय, असे डोळे, एका हातानं कठडा धरून एकेक पायरी पायानं चाचपत. मी हात द्यायला गेले की झिडकारायच्या. वाटेत कुणी भेटून "अहो, लिफ्ट आहे ना" म्हणालं की म्हणायच्या, "ती तुमची. मी बाई."

मी एकदा विचारलं, चेअरमनशी घरी बसून शांतपणे का बोलत नाही? ते तर आपले आहेत.

"त्यानं माझ्या आईला पाठीवरून नेलं," त्या म्हणाल्या. एरवी चेअरमनना अहोजाहो करणाऱ्या बाईंनी त्यांना अरेतुरे केलेलं मी तेव्हाच ऐकलं. "म्हणून तर राग येतो. परका असता तर मी नुसतं हसले असते."

"पण जुन्या इमारतीत असा प्रश्नच नव्हता."

"प्रश्न होता. सोय नव्हती. जिना एकच, करणार काय. सोय झाली आणि प्रश्न बाहेर आला."

मग एका संध्याकाळी मी कामावरून आले तर बाई लॉबीत, दोन्ही लिफ्टच्या मधोमध घडीची खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेजारी एक रिकामी खुर्ची. मांडीवर पुस्तक. "बस. आज इथे वाचायचं."

माझे कान तापले. मी भाडेकरू होते. माझ्या करारावर दर वर्षी याच लोकांची संमती लागायची. पण बाईंनी पुस्तक पुढे केलं, आणि त्यांचा चेहरा माझ्या कानाकडे वळलेला होता, आणि नाही म्हणणं मला जमलं नाही. मी वाचू लागले. जुन्या पुण्याबद्दल होतं. कुणाला वेशीच्या आत कधी येऊ द्यायचं, सकाळ-संध्याकाळ सावल्या लांब पडतात तेव्हा कुणी बाहेर थांबायचं, हौदाचं पाणी कुणाचं. पहिल्या पानाला माझा आवाज इतका बारीक होता की बाई म्हणाल्या, "लिफ्टपर्यंत पोचत नाही."

मी आवाज वाढवला. लोक येत होते, थबकत होते, आरशांच्या लिफ्टमध्ये शिरून दार मिटेपर्यंत वर आकड्यांकडे पाहत उभे राहत होते. रोज हेच सुरू झालं. कामं आटपून घरी निघालेल्या बायका दाराशी उभ्या राहून ऐकू लागल्या. कधी एखादा डिलिव्हरीवाला, हातात पिशवी, तेवढ्या दोन ओळी ऐकून जायचा.

सहाव्या मजल्यावरचा एक तरुण बाप एकदा थांबला. खांद्याला लॅपटॉपची बॅग, कडेवर मुलगी. "आंटी, तुम्ही हे कुठल्या कुठे नेताय. इथे कास्टचा वगैरे इश्यूच नाहीये. सिम्पल हायजीनचा प्रश्न आहे."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "त्यांचाही तोच होता. त्यांच्याकडे इंग्रजी शब्द नव्हता म्हणून ते सोवळं म्हणत. तुमच्या मुलीला सकाळी भरवतं कोण?"

त्यानं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"हातानं भरवते की लिफ्टनं?"

लॉबी ही सामायिक जागा आहे, तिथे खाजगी कार्यक्रम करू नयेत, असा ठराव झाला. बाईंनी तोही मला वाचायला लावला आणि म्हणाल्या, "हा कार्यक्रम नाही. मी लिफ्टची वाट बघते आहे. ती आली की जाईन." लिफ्ट यायची, जायची. बाई बसून.

त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. पण रेखाताईंना हात लावणं सोपं होतं. आधी चौथ्या मजल्यावरच्यांनी त्यांना कामावरून काढलं, मग दहाव्या मजल्यावरच्यांनी. कारण कुणी दिलं नाही. कुणाला आत सोडायचं ते दाखवणाऱ्या गेटवरच्या ॲपमध्ये त्यांचं नाव एक दिवस दिसायचं, दुसऱ्या दिवशी दिसायचं नाही. हे आम्हाला माहीत नव्हतं. रेखाताईंनीच एका रविवारी सांगितलं. भांडी घासून झाली होती, ओले हात पदराला पुसत त्या बाईंच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, एक बोलायचंय. तुमी खाली वाचता ते खरं हाय. पन तुमच्या वाचन्यानं माझी दोन घरं गेली."

बाई खुर्चीत ताठ झाल्या. "कुणी काढलं? मी आत्ता जाते."

"बसा," रेखाताई म्हणाल्या. बाईंना असं बोललेलं मी कुणाला ऐकलं नव्हतं. "तुमी जाल, भांडाल, वर याल. मला उद्या परत हितंच यायचंय. तुमाला कुनी काढनार नाय, बाई. घर तुमचं हाय."

 बाईंनी विचारलं, "मग बंद करू?"

"आता बंद करून ती घरं परत येनारेत का? बंद कशाला. पन माझ्यासाठी करताय तर मला इचारून करा. मी काय पुस्तकातली न्हाय. हितं हाय, तुमच्या मोरीत."

बाईंचं तोंड मी तेव्हा पाहिलं. ज्या बाईंनी आयुष्यभर लोकांच्या पेट्या परत पाठवल्या, त्यांची स्वतःची पेटी कुणीतरी परत केली होती. त्या हळूच म्हणाल्या, "चुकलं."

"आनि एक," रेखाताई म्हणाल्या. "मी दाराशी उभी राहून ऐकनार नाय. गुडघं दुखत्यात. खुर्ची टाका."

त्या दिवसापासून लॉबीत तीन खुर्च्या झाल्या, आणि बाई त्यांना नुसतं रेखा म्हणायच्या त्या रेखाताई म्हणू लागल्या. रेखाताईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रेखाताईंचं ऐकणं बाईंच्या ऐकण्याहून वेगळं होतं. बाई पुस्तकाला प्रश्न विचारायच्या, कोण लिहितंय, कशावरून लिहितंय. रेखाताई गोष्टीला विचारायच्या. एकदा वेशीबाहेर थांबवून ठेवलेल्या लोकांबद्दलचं पान चाललं होतं. त्यांनी मला थांबवलं. "मग त्या मान्सांनी काय केलं?"

मी पुढची पानं चाळली. "लिहिलेलं नाही."

"लिहिलं नसंल. पन केलं असंलच की कायतरी. रोज उठून कोन ऐकून घेतंय."

 बाईंनी मला ते पान दुमडून ठेवायला सांगितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी कामाला यायच्या वेळी, मी बससाठी खाली उतरले तर लॉबी बायकांनी भरलेली होती. इमारतीत काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्या. एरवी एकेक करून येणाऱ्या, आज एकदम.  आरशांच्या लिफ्टचं दार उघडलं तशा त्या आत शिरल्या, मावतील तेवढ्या. दार मिटलं. लिफ्ट वर गेली, रिकामी होऊन खाली आली, पुन्हा भरली. सहाव्या मजल्यावरचा तो बाप बॅग घेऊन बाजूला उभा होता. त्याच्या मुलीला सांभाळणारी बाई त्याच्या समोरूनच आत गेली आणि आरशात पाहून तिनं केस सारखे केले.

चेअरमन फिरून येत होते. पायात बूट, कपाळावर घाम. त्यांनी वॉचमनकडे पाहिलं.

"साहेब, कुनाकुनाला अडवू," वॉचमन म्हणाला.

"रेखाताई, हे बाईंनी सांगितलं ना तुम्हाला?"

"बाई वर चाची वाट बघत बसल्यात. त्यांना काय म्हाईत नाय."

"अहो, पण नियम आहे."

"कुनी केला? मला इचारलं न्हवतं."

"हे असं चालणार नाही. उद्यापासून सगळ्यांना गेटवरच थांबवावं लागेल."

"थांबवा," रेखाताई म्हणाल्या. "आनि आकरा मजल्यांची भांडी उद्या कोन घासनार त्याचा बी कागद लावा. हुकमावरून." लिफ्ट खाली आली होती. त्या आत गेल्या आणि दार मिटेपर्यंत चेअरमनकडे पाहत राहिल्या.

मी त्यांच्या मागोमाग वर गेले. ऑफिसला त्या दिवशीही उशीर झाला. रेखाताईंनी झाला प्रकार दोन वाक्यांत सांगितला आणि चहाचं आधण ठेवलं.  बाईंना लागलं होतं, ते दिसत होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी आधी वाचून दाखवायला घेतलं असतं," रेखाताई म्हणाल्या.

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की त्यांना ठसका लागला. मी त्यांना तसं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. पाणी प्यायल्यावर म्हणाल्या, "खरं आहे. तळटिपांसकट."

कागद कुणी काढला ते कळलं नाही. एका सकाळी तो तिथे नव्हता, भिंतीवर फक्त चिकटपट्टीचे चार तुकडे राहिले होते. सभेत ठराव झाला नाही, कुणी माफी मागितली नाही. दहाव्या मजल्यावरच्यांनी रेखाताईंना परत बोलावलं. त्या गेल्या नाहीत. लॉबीतलं वाचन मात्र बाईंनी बंद केलं नाही. चेअरमनही कधीकधी लिफ्टची वाट बघायच्या निमित्तानं थांबायचे, आणि बाई त्यांच्या कानाकडे बघून म्हणायच्या, "बसा की. खुर्ची तुमच्याकडूनच आणावी लागेल."

पुढे मी हडपसरला, ऑफिसजवळ घर घेतलं. बाई गेल्याचं रेखाताईंच्या फोनवरून कळलं. झोपेतच गेल्या. शोकसभा क्लबहाउसमध्ये होती. बाईंचा फोटो टेबलावर, त्यात त्या फोटोग्राफरच्या कानाकडे बघत होत्या. रहिवासी होते, वाचनालयातली माणसं होती, कारखान्यातले दोघे-तिघे जुने सहकारी होते, आणि इमारतीत काम करणाऱ्या बायका होत्या.

चेअरमन बोलायला उभे राहिले. आता थकले होते. कागदावर लिहून आणलेलं वाचत होते. बाईंच्या वाचनाबद्दल चांगलं बोलले. त्यांच्या स्वभावाला करारी म्हणाले, जिद्दी म्हणाले, प्रेरणास्थान म्हणाले. मग म्हणाले, "बाईंच्या मार्गदर्शनामुळेच आपल्या सोसायटीनं काही वर्षांपूर्वी एक पुरोगामी पाऊल उचललं, आणि लिफ्टबाबतचा तो नियम आपण सर्वांनी एकमतानं रद्द केला."

सभागृहात माना डोलल्या. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांना ते तसंच आठवत होतं. आणि मला दिसत होतं की आणखी थोड्या वर्षांनी सगळ्यांनाच ते तसं आठवेल.

"एकमतानं न्हवतं, साहेब."

रेखाताई उठून उभ्या राहिल्या होत्या. आवाज चढलेला नव्हता. "बाई लई भांडकुदळ होत्या. त्यांनी वाचलं, ते खरं. पन ठराव कुनी केला नाय. आमी घुसलो."

 चेअरमन हातातल्या कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "घुसलात."

ते खाली बसले. रेखाताई मात्र बसल्या नाहीत. त्यांनी लिफ्टमध्ये सोफा अडकला त्या सकाळपासून सांगायला सुरुवात केली.